सोंग आणि भान : भूमिकाखेळांवरील विनोदी कथनाविषयी

१९८२ साली अमेरिकेतील सीबीएस वाहिनीने ‘मेझेस अँड मॉन्स्टर्स’ हा दूरचित्रपट दाखवला. रोना जॅफ यांच्या आदल्या वर्षीच्या त्याच नावाच्या कादंबरीवर तो आधारलेला होता. महाविद्यालयातील चार मित्रमैत्रिणी एक भूमिकाखेळ खेळतात. त्यांच्यातला रॉबी (ही भूमिका तेव्हा फारसा नावारूपाला न आलेल्या टॉम हँक्सने केली होती) आपण घेतलेल्या सोंगालाच हळूहळू आपले खरे रूप मानू लागतो आणि अखेरीस त्या सोंगातून परत येत नाही. शेवटी मित्र त्याला भेटावयास जातात तेव्हा राहते घर त्याला सराई वाटत असते. हे वाचताना कोणालाही सेर्व्हांतेसची आठवण व्हावी. ‘दोन किहोते’मध्ये सराईचा किल्ला होतो, येथे घराची सराई होते. मात्र किहोतेच्या वेडावर हसता हसता सेर्व्हांतेसने कादंबरी या वाङ्मयप्रकाराचीच पायाभरणी केली. जॅफ यांच्या कथेत हसू औषधालाही नाही. हसू वजा केल्यावर दोन किहोतेचे जे उरते ते म्हणजे एक रुग्णवृत्त.

या गंभीर कथनाने खेळणाऱ्यांविषयी जे सांगितले ते खोटे होते, आणि त्याच सुमारास हौशी पत्रिकांतले किस्से व व्यंगचित्रमालिका जे सांगत होत्या ते खरे होते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ते मांडण्यासाठी या उपेक्षित विनोदी कथनाचा इतिहास थोडा तपशिलाने पाहावा लागेल. उपेक्षित अशासाठी, की समीक्षेने त्याला मुलांच्या करमणुकीच्या खात्यात टाकले. आणि खेळाच्या अभ्यासकांनीही त्याकडे बव्हंशी पुरावा म्हणून पाहिले, वाङ्मय म्हणून क्वचितच.

ज्यांना हा खेळ अपरिचित आहे त्यांच्यासाठी त्याची रचना सांगणे आवश्यक आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी रचलेला ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनीव्हा या लहानशा गावातून प्रसिद्ध झाला. एका खोक्यात तीन पुस्तिका, आणि पहिली आवृत्ती एक हजार प्रतींची. त्याचे मूळ शिशाच्या चिमुकल्या सैनिकांनी खेळावयाच्या युद्धखेळांत होते. फरक असा, की येथे खेळाडू पलटण हलवीत नाही, तर एकाच व्यक्तीचे सोंग घेतो : कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी मांत्रिक. एकजण सूत्रधार होतो. (मूळ संज्ञा ‘डन्जन मास्टर’, आपला ‘सूत्रधार’ हा शब्द तिच्याहून अर्थवाही आहे.) सूत्रधार स्थळ, प्रसंग, शत्रू यांचे वर्णन करतो, आपले पात्र काय करते ते खेळाडू सांगतात, निष्पत्ती संदिग्ध असेल तेथे फासे टाकले जातात, त्यांत वीस बाजूंचाही एक असतो. पट असलाच पाहिजे असे नाही. कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. संध्याकाळ संपते तेव्हा मागे उरते ती सगळ्यांनी मिळून बोललेली एक कथा, आणि तीही हवेत विरलेली.

या खेळाचे पहिले समाजशास्त्रीय विवेचन गॅरी अ‍ॅलन फाइन यांनी ‘शेअर्ड फँटसी’ (१९८३) या ग्रंथात केले. अर्व्हिंग गॉफमनच्या चौकटविश्लेषणाचा आधार घेऊन त्यांनी दाखवले, की टेबलाशी बसलेला माणूस एकाच वेळी तीन पातळ्यांवर वावरत असतो : व्यक्ती, खेळाडू आणि पात्र. एक साधे उदाहरण घेऊ. कोणी म्हणते, “मी दार फोडतो.” लगेच म्हणते, “माझी ताकद सोळा आहे.” आणि त्याच श्वासात, “तो चिप्सचा पुडा इकडे सरकव.” पहिल्या वाक्यातला ‘मी’ योद्धा आहे, दुसऱ्यातला नियम जाणणारा खेळाडू, आणि तिसऱ्यातला भूक लागलेला विद्यार्थी. आवाज बदलत नाही, खूण केली जात नाही, तरी टेबलाशी बसलेल्या कोणाचाही गोंधळ होत नाही. ग्रेगरी बेटसनने १९५५ मध्ये खेळाविषयी लिहिताना जो मुद्दा मांडला होता तो येथे नेमका लागू पडतो : खेळातील प्रत्येक कृतीसोबत ‘हा खेळ आहे’ असा दुसरा, अनुच्चारित संदेश जात असतो. आता या तीन चौकटींपैकी एकीतले वाक्य चुकून, किंवा मुद्दाम, दुसरीत पडले तर काय होईल? सराईच्या मालकाने योद्ध्याला चिप्स आणून दिले तर? टेबल हसेल. म्हणजे हे हसू चौकटींच्या जाणिवेतून जन्मते. ज्याला सोंग आणि स्वत्व यांतला भेद कळत नाही त्याला या विनोदावर हसता येणारच नाही. जॅफ यांचा रॉबी हसत नाही ते त्यामुळेच. आणि खरे खेळाडू मात्र सारखे हसत असतात.

अमेरिकेतील त्या काळाची पार्श्वभूमी ध्यानात घेतल्याखेरीज या हसण्याचे मोल कळावयाचे नाही. १९७९ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठातील सोळा वर्षांचा एक विद्यार्थी नाहीसा झाला. तो विद्यापीठाच्या इमारतींखालच्या वाफेच्या बोगद्यांत हा खेळ खेळताना हरवला असावा, अशी शक्यता शोधासाठी नेमलेल्या खाजगी गुप्तहेराने बोलून दाखवली आणि वृत्तपत्रांनी ती उचलली. कारण वेगळे होते, खाजगी दुःखाचे होते. पण ते सांगणारे पुस्तक त्याच गुप्तहेराने १९८४ मध्ये प्रसिद्ध केले, तोपर्यंत जॅफ यांची कादंबरी येऊन गेली होती. १९८३ मध्ये पॅट्रिशिया पुलिंग यांनी या खेळाविरुद्ध संघटना काढली. १९८४ मध्ये जॅक चिक यांची ‘डार्क डन्जन्स’ ही धर्मप्रचाराची चित्रपुस्तिका निघाली. तीत हा खेळ म्हणजे चेटूकविद्येची पहिली पायरी ठरवला आहे. कादंबरीकार, शोकग्रस्त माता आणि धर्मप्रचारक यांच्यात एरवी काही समान नव्हते. एका गृहीतकावर मात्र तिघांचे एकमत होते : सोंग घेणारा सोंगात बुडतो.

या गृहीतकाला उत्तर द्यावयाचे तर आतला अनुभव बाहेर सांगता यावयास हवा, आणि खरी अडचण तेथेच होती. या खेळाला प्रेक्षक नसतो. आपल्या वगातला सोंगाड्या राजाच्या दरबारात उभा राहून एकदम गावच्या पाटलाविषयी बोलतो तेव्हा तोही चौकटच मोडतो, पण समोर बसलेल्या हजारांसाठी. भूमिकाखेळात बोलणारे आणि ऐकणारे तेच चार-पाचजण असतात. रात्री पोट धरून हसवणारा प्रसंग दुसऱ्या दिवशी बाहेरच्याला सांगू गेल्यास सपाट होऊन जातो, हा अनुभव प्रत्येक खेळाडूचा. तेव्हा भूमिकाखेळावरील विनोदी कथनाचा इतिहास हा मूलतः एका रूपविषयक प्रश्नाचा इतिहास आहे : तीन चौकटी एकदम वाचकाला कशा दिसाव्यात?

पहिले उत्तर किश्श्याने दिले. ली गोल्ड यांनी १९७५ साली लॉस एंजेलिसमध्ये ‘अलारम्स अँड एक्सकर्शन्स’ ही हौशी पत्रिका सुरू केली. सभासदांनी आपापली पाने लिहून पाठवावयाची, संपादकाने ती एकत्र बांधून सर्वांना टपालाने धाडावयाची, असा तिचा व्यवहार. अशा पत्रिकांतून आणि तोंडोतोंडी जे किस्से पसरले त्यांत रिचर्ड अ‍ॅरन्सन यांनी ऐंशीच्या दशकात लिहिलेला गझिबोचा किस्सा अजोड आहे. सूत्रधार सांगतो, बागेत एक गझिबो आहे. खेळाडूला हा शब्द ठाऊक नाही. (मेघडंबरी म्हणजे काय हे न कळलेला कोणी आपल्या डोळ्यांसमोर आणावा.) तो रंग विचारतो, अंतर विचारतो, तिला हाक मारतो; उत्तर येत नाही. मग तो बाण सोडतो. सूत्रधार शांतपणे सांगतो, की आता बाण रुतलेला गझिबो उभा आहे. ती जखमी कशी होत नाही या विचाराने खेळाडूची गाळण उडते, आणि शेवटी हताश झालेला सूत्रधार जाहीर करतो, की गझिबो जागी झाली आणि तिने तुला खाल्ले.

या छोट्या किश्श्यात कथनाचे सबंध शास्त्र आहे असे म्हटल्यास अतिशयोक्ती वाटेल, पण ती फारशी नाही. खेळाडूच्या मनात शब्दाला वस्तू नाही. तरीही खेळाच्या संकेताप्रमाणे, सूत्रधाराने ज्याचा उल्लेख केला ते महत्त्वाचे असणारच, असे तो धरून चालतो. चेखॉव्हच्या बंदुकीवर इतकी भाबडी निष्ठा क्वचितच कोणी ठेवली असेल. दुसऱ्या बाजूने, अखेरच्या वाक्यात निवेदकाची सत्ता उघडी पडते : ज्या जगात वस्तू केवळ उच्चाराने अस्तित्वात येतात त्या जगात बांधीव छत्री माणूस खाऊ शकते, निवेदकाने तसे म्हणणे पुरेसे आहे. खेळाडूचे पात्र मरते. खेळाडूला मात्र घरी जाऊन शब्दकोश पाहता येतो. १९८४ च्या चित्रपुस्तिकेत पात्राचा मृत्यू खेळाडूच्या जिवावर बेततो. त्या पुस्तिकेला याहून नेमके उत्तर कोणी दिलेले नाही, आणि येथे ते देण्याचा हेतूही नव्हता.

किश्श्यानंतर व्यंगचित्रे. १९७६ मध्ये सुरू झालेल्या ‘द ड्रॅगन’ मासिकात जे. डी. वेबस्टर यांची चोर नायकाची ‘फिनिअस फिंगर्स’ आणि डेव्ह ट्रॅम्पियर यांची ‘वर्मी’ या मालिका आल्या. ‘वर्मी’ची चित्रकला असामान्य होती, १९८८ मध्ये ती मध्येच थांबली ती थांबलीच. फिल फोग्लिओ यांच्या मालिकेत एका चावट विषयावर पुढच्या अंकी लिहू, हे आश्वासन दर अंकी पुढे ढकलण्याची गंमत होती. तिच्यावरून वाचक कोणत्या वयाचा व लिंगाचा गृहीत धरला होता ते कळते. आमच्या मुद्द्याच्या दृष्टीने या मालिका मर्यादित आहेत, कारण त्या बहुधा पात्रांच्या जगात किंवा खेळाडूंच्या जगात वावरतात, दोहोंच्या सांध्यावर उभ्या राहत नाहीत. टेरी प्रॅचेट यांच्या ‘द कलर ऑफ मॅजिक’ (१९८३) मध्ये देव फासे टाकून माणसांच्या आयुष्याचा खेळ मांडतात. तेथे टेबल आहे, पण ते आकाशात नेलेले आहे. त्यामुळे विनोद नियतीविषयीचा होतो आणि जुन्या, सर्वपरिचित परंपरेत जाऊन बसतो. प्रॅचेट मोठे लेखक झाले त्याचे एक कारण हेही असावे.

सांध्यावर नेमके पाऊल ठेवले ते जॉली ब्लॅकबर्न यांनी. ‘नाइट्स ऑफ द डिनर टेबल’ ही त्यांची चित्रमालिका १९९० मध्ये त्यांच्याच ‘शॅडिस’ या मासिकात पानभरतीसाठी सुरू झाली. १९९४ पासून तिची स्वतंत्र पुस्तके निघू लागली. इंडियाना राज्यातील मन्सी गावात पाचजण आठवड्याला एका टेबलाशी बसतात. बी. ए. फेल्टन हा सूत्रधार (ही आद्याक्षरे आहेत, पदवी नव्हे), बॉब आणि डेव्ह दिसेल त्याच्यावर तलवार चालवणारे, ब्रायन नियमपुस्तकातली कलमे काढून वकिली करणारा, आणि बी. ए.ची चुलत बहीण सारा, जी समोरच्या राक्षसाशी आधी बोलून पाहावे म्हणते. चित्रे जवळजवळ नाहीतच म्हणाना. तेच चेहरे, तेच टेबल, त्याच बैठकी चौकटीमागून चौकटीत पुन्हा वापरलेल्या. बदलतात ते संवाद. चित्रकलेच्या दृष्टीने ही दरिद्री मालिका आहे, आणि हे दारिद्र्यच तिचे बळ आहे. ज्या साहसाविषयी सगळे बोलत असतात ते बहुधा काढलेलेच नसते. ग्रीक नाटकात रणांगण जसे दूताच्या तोंडूनच कळते, तशी येथे गुहा, ड्रॅगन, खजिना हे सारे फक्त बोलण्यात असते. वाचकाच्या डोळ्यांसमोर टेबल आणि कानांत गुहा, म्हणजे टेबलाशी बसलेल्याची जी स्थिती तीच वाचकाची. भूमिकाखेळाला नसलेला प्रेक्षक ब्लॅकबर्न यांनी असा निर्माण केला : त्याला देखावा नाकारून.

या मालिकेचे आवर्ती कथासूत्रही समीक्षकाने पाहण्याजोगे आहे. बी. ए.ने मेहनतीने एक उदात्त कथानक रचलेले असते; खेळाडू पहिल्या तासातच त्याचा चुथडा करतात. ज्या म्हाताऱ्याकडून रहस्य कळावयाचे त्यालाच ते लुटतात. रोलाँ बार्तने १९६७ मध्ये लेखकाचा मृत्यू जाहीर केला; येथे लेखक जिवंत आहे, टेबलाच्या टोकाशी बसला आहे, आणि वाचक त्याचे ऐकावयास तयार नाहीत. हे दृश्य मृत्यूपेक्षा अधिक करुण आणि अधिक विनोदी आहे. वाचकाच्या स्वातंत्र्याची एवढी चर्चा झाली, पण ते स्वातंत्र्य मिळाल्यावर वाचक कसा वागेल याचे इतके बिनभाबडे चित्रण क्वचितच आढळते. साराची भूमिका येथे विशेष वाटते. बोलणी करण्याचा तिचा मार्ग बहुधा शहाणपणाचा असतो, आणि बहुधा तो पूर्ण होण्याआधीच तलवारी उपसल्या जातात. फाइन यांना या खेळात स्त्रिया अगदी थोड्या दिसल्या होत्या. त्या थोड्यांच्या वाट्याला काय येत असेल, ते या मालिकेने विनोदाच्या आडून का होईना नोंदवले. मात्र साराला तिने समंजसपणाच्या कोपऱ्यात बसवले हेही खरे. विनोद ज्याला मूर्ख होऊ देत नाही त्याला तो पूर्ण माणूसही होऊ देत नाही.

जपानमध्ये याच प्रश्नाला अगदी निराळे उत्तर मिळाले. ‘कॉम्प्टिक’ या मासिकात १९८६ पासून ‘रेकॉर्ड ऑफ लोडॉस वॉर’ची लेखमाला येऊ लागली. ‘ग्रुप एसएनई’च्या मंडळींनी प्रत्यक्ष खेळलेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या डावाचे ते संवादरूप लेखन होते. या प्रकाराला तेथे ‘रीप्ले’ म्हणतात. नाटकाच्या संहितेसारखी बोलणाऱ्यांची नावे, त्यांचे बोलणे, फाशांचे दान, आणि मधूनमधून ‘हशा’ अशी नोंद. मुलाखती व परिसंवाद छापण्याची तेथील जी रूढी तीच येथे उचललेली. डीडलिट या देखण्या, मानी एल्फकन्येची भूमिका हिरोशी यामामोतो हे लेखक करीत होते. वाचकाला हे ठाऊक असते, आणि तिच्या प्रत्येक नखऱ्यामागे एक पुरुष लेखक बसलेला त्याला दिसतो. आपल्याकडे बालगंधर्वांना शालूत पाहणाऱ्याला ही दुहेरी दृष्टी परिचित होती; तेथे मात्र दुसरे रूप विसरण्यात आनंद होता, येथे ते न विसरण्यात आहे.

पुढे १९८८ मध्ये सूत्रधार र्यो मिझुनो यांनी याच सामग्रीतून गंभीर अद्भुत कादंबरी लिहिली. कथानक तेच, पात्रे तीच. टेबल गेले, फासे गेले, हशा गेला. ‘लोडॉस’ हे नाव पुढे सर्वतोमुखी झाले ते या कादंबऱ्या आणि १९९० पासूनचे चलच्चित्रपट यांमुळे. एकाच कथेची विनोदी व गंभीर अशी दोन रूपे, त्याच मंडळींच्या हातून, दोन वर्षांच्या अंतराने निर्माण व्हावीत ही अभ्यासकाला सहसा न लाभणारी संधी आहे. तुलना केली म्हणजे दिसते, की विनोद हा कथेवर शिंपडलेला मसाला नव्हता, तो कथनाचा एक स्तर होता. तो काढताच बाकीच्या स्तरांना जागा भरून काढण्यासाठी गांभीर्य धारण करावे लागले. कादंबरीचे मोल कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. पण वाङ्मयप्रकार म्हणून नवा होता तो रीप्ले, आणि साहित्याच्या इतिहासात नोंद मात्र कादंबरीची होते.

यानंतरचा टप्पा थोडक्यात सांगता येईल. ‘द गेमर्स’ (२००२) या हौशी चित्रपटात एक खेळाडू डावाला आलेला नाही. म्हणून त्याचे पात्र, एक धिप्पाड रानटी योद्धा, साऱ्या साहसभर जागच्या जागी निर्विकार उभे असते. जेरार जेनेतने निवेदनस्तरांच्या उल्लंघनाला जी संज्ञा दिली तिचे वर्गात समजावून देण्यास याहून सोपे उदाहरण मला सापडलेले नाही. त्याच्या २००८ च्या उत्तरार्धात स्त्रीपात्र घेतलेला पुरुष खेळाडू ते विसरतो, की पडद्यावर नटीच्या जागी नट दिसू लागतो. रिच बर्ल्यू यांच्या ‘द ऑर्डर ऑफ द स्टिक’ (२००३) या चित्रमालिकेने टेबलच काढून टाकले. तेथे खेळाडू नाहीत, आणि पात्रेच नियमांची भाषा बोलतात. पहिल्याच भागात नियमांची नवी आवृत्ती आल्यामुळे त्यांचे कपडे व शस्त्रे बदलतात. हे चतुर आहे, पण भान आता पात्रांकडे गेल्यामुळे तीन चौकटींचा ताण दोहोंवर येतो, आणि मालिका जसजशी पुढे जाते तसतशी ती विनोदाकडून महाकथेकडे सरकते. मिझुनो यांच्याबाबतीत जे दोन वर्षांत घडले ते येथे संथपणे घडताना दिसते.

या साऱ्या वाङ्मयाची मर्यादा उघड आहे. ते गोतावळ्याचे वाङ्मय आहे. नियम ठाऊक नसलेल्याला त्यातला निम्मा विनोद कळत नाही, आणि कळणाऱ्याला पुष्कळदा ओळख पटल्याचाच आनंद होतो. ‘हे आमच्याकडेही घडले होते’ या प्रतिसादावर जगणारे लेखन फार खोल जात नाही. शिवाय स्वतःवर हसण्याची सवय लागली म्हणजे स्वतःचे दोष हसण्यावारी नेण्याचीही लागते. टेबलाशी आलेल्या मुलीला हुसकावून लावणे हा या किश्शांत बराच काळ विनोदाचा विषय होता.

तरीही त्यातली एक गोष्ट इतर कोणत्याही विनोदी वाङ्मयात माझ्या पाहण्यात नाही. अ‍ॅरन्सन यांच्या किश्श्यातील गझिबो २००१ च्या ‘मंचकिन’ या पत्त्यांच्या खेळात खराखुरा राक्षस म्हणून अवतरली. गैरसमजाला पत्ता मिळाला. त्याच वर्षी त्याहून मोठे नवल घडले. ब्लॅकबर्न यांच्या मालिकेतील मंडळी ‘हॅकमास्टर’ नावाचा कपोलकल्पित खेळ खेळत. केन्झर अँड कंपनी या प्रकाशनसंस्थेने ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या मालकांकडून परवाना घेऊन तो खेळ खरोखरच छापला, आणि मालिकेत ‘हॅकमास्टर’ची चौथी आवृत्ती चालू होती म्हणून पहिल्यावहिल्या छापील आवृत्तीवर ‘चौथी’ असे लिहिले. पहिल्या तीन आवृत्त्या जगात कोठेही नाहीत. नंतरच्या आवृत्तीत विडंबन बरेचसे गाळण्यात आले, आणि लोक तो खेळ गांभीर्याने खेळू लागले. ब्लॅकबर्न यांच्या मासिकात वाचकांनी आपल्या टेबलावरचे किस्से लिहून पाठवावेत असे एक सदर आहे, ‘टेल्स फ्रॉम द टेबल’. व्यंगचित्रातल्या माणसांनी शोधलेल्या खेळात खऱ्या माणसांचे काय झाले, हे आता तेथे छापले जाऊ शकते.